रसायनाला रविवार नसतो

कोकणात ज्यांनी लहानपणी आंब्याची आढी पाहिली आहे, त्यांना पुढची गोष्ट फारशी समजावून सांगावी लागणार नाही. अंधाऱ्या खोलीत भाताचा पेंढा पसरायचा, त्यावर आंब्यांचा थर, पुन्हा पेंढा, पुन्हा आंबे. दोन-तीन दिवसांनी पेंढ्यात हात घातला की आत चक्क ऊब लागते. खोलीत चूल नाही, ऊन नाही. मग ही ऊब आली कुठून? ती आंब्यांचीच. फळ पिकताना थोडी थोडी उष्णता बाहेर टाकते आणि पेंढा ती जाऊ देत नाही. तोच आंबा एकटा फडताळात ठेवला तर उष्णता तोही टाकतो, पण ती लगेच हवेत विरून जाते आणि आंबा हाताला गारच लागतो. देशावरच्या शेतकऱ्याला हेच ज्ञान वेगळ्या वाटेने मिळालेले असते. ओलसर गवताची गंजी तो रचू देत नाही. रचली तर ती आतून तापत जाते आणि एखाद्या रात्री कोणी काडी न लावता पेट घेते. (मग ‘काडी कोणी लावली’ यावरून गावात भाऊबंदकी पेटते, ती निराळीच.)

माझ्या आयुष्यातली तीसेक वर्षे या उबेचा हिशेब करण्यात गेली. माझ्या आढीत आंब्यांऐवजी औषधे, रंग, कीटकनाशके आणि प्लॅस्टिक बनवणाऱ्या कारखान्यांची रसायने असत. ‘औष्णिक स्थैर्य चाचणी’ असे आमच्या विभागाचे भारदस्त नाव होते. लग्नकार्यात कोणी विचारले, ‘‘म्हणजे आपण नेमके काय करता?’’ तर मी सांगत असे, ‘‘रसायने तापवतो आणि ती चिडतात का ते बघतो.’’ ऐकणारे हसत आणि जिलबीकडे वळत. पण खरोखर काम तेवढेच होते. एखादे रसायन पिंपात, टाकीत किंवा रिअ‍ॅक्टरमध्ये भरून ठेवले तर ते आढीसारखे आतून तापेल का, तापले तर कुठवर जाईल आणि त्याला किती वेळ लागेल, हे कारखान्याला आधी सांगायचे.

चाचणीची सुरुवात अगदी चिमूटभर मालापासून होते. चिमूट म्हणणेही जास्तच झाले; पाच मिलिग्रॅम, म्हणजे साखरेचे चार-पाच दाणे. एवढा ऐवज एका इवल्याशा धातूच्या वाटीत घालून वाटी घट्ट बंद करायची. शेजारी तशीच एक रिकामी वाटी ठेवायची. दोन्ही एकाच भट्टीत मिनिटाला पाच अंश अशा गतीने तापवत न्यायच्या आणि दोघींच्या उष्णतेत कुठे फरक पडतो ते टिपत राहायचे. या यंत्राचे नाव डिफरन्शियल स्कॅनिंग कॅलरिमीटर. प्रयोगशाळेत त्याला सगळे डीएससी म्हणतात. पदार्थ वितळू लागला की तो उष्णता पितो, आलेखात खड्डा पडतो. पदार्थाचे विघटन होऊ लागले, म्हणजे त्याचे रेणू मोडू लागले, की बहुधा उष्णता बाहेर पडते आणि आलेखात डोंगर उभा राहतो. डोंगर कोणत्या तापमानाला सुरू झाला आणि केवढा आहे, यावरून आमची पहिली कुंडली मांडली जाई.

‘केवढा’ याचा अर्थ घरगुती हिशेबाने सांगतो. समजा डोंगराखालची उष्णता एका ग्रॅममागे ५०० ज्यूल भरली. आकडा ऐकायला काहीच वाटत नाही. पण बऱ्याचशा सेंद्रिय द्रवांचा एक ग्रॅम एका अंशाने तापवायला साधारण दोन ज्यूल लागतात. म्हणजे ही सगळी उष्णता त्या मालातच कोंडून राहिली, तर त्याचे तापमान २५० अंशांनी वर जाईल. शंभर अंशांवर शांत बसलेला माल साडेतीनशेवर! वाटेत त्यातला द्रावक उकळणार, वायू सुटणार, दाब वाढणार. नायट्रो संयुगांच्या बाबतीत तर हा आकडा ५०० नव्हे, कित्येकदा २००० ज्यूलच्याही वर जातो.

अहवाल न्यायला येणाऱ्या बहुतेक मालकांना मात्र एकच गोष्ट हवी असे. ‘‘साहेब, ते डोंगर-दऱ्या राहू द्या. एक आकडा द्या. कितीपर्यंत चालेल?’’

त्यांच्यासाठी तसा एक आकडा पूर्वी सोयीने काढलाही जात असे. डीएससीवर डोंगर जिथे सुरू होतो त्यातून शंभर वजा करायचे. उरेल तेवढ्या तापमानापर्यंत खुशाल काम करायचे. ‘शंभर अंशांचा नियम’ म्हणून तो प्रसिद्ध होता. नियम लक्षात ठेवायला सोपा आणि पुष्कळदा खराही ठरणारा. पण ज्या वेळी खोटा ठरतो त्या वेळी आधी कळवत नाही.

याचे कारण असे की विघटन डोंगराच्या पायथ्याशी सुरू होत नाही. ते त्याच्या पुष्कळ आधीपासून चालू असते, फक्त इतके मंद की पाच मिलिग्रॅमच्या वाटीला त्याचा पत्ता लागत नाही. रासायनिक क्रियेचा वेग दर दहा अंशांना ढोबळमानाने दुप्पट होतो, असे आपण शाळेत शिकलो. तेच उलटे वाचायचे. दहा अंश कमी केले की वेग निम्मा होतो, संपत नाही. पन्नास अंश कमी केले तर बत्तिसावा हिस्सा उरतो, आणि तोही शून्य नव्हे. आता तो उरलेला हिस्सा केवढ्या भांड्यात आहे, हे पाहायला हवे. शंभर मिलिलिटरच्या चंबूतला माल पाच हजार लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये नेला तर माल पन्नास हजारपट होतो, पण ज्या पृष्ठभागातून उष्णता बाहेर जायची तो सुमारे साडेतेराशेपटच वाढतो. म्हणजे दर लिटरमागे उष्णता बाहेर जायची वाट सदतीस पटींनी अरुंद झाली. फडताळातला आंबा आढीत गेला, तो असा. निकोलाय सेम्योनोव या रशियन शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकाच्या अखेरीस हे गणित मांडले. उष्णता तयार होण्याचा वेग तापमानाबरोबर भराभर, दामदुपटीने वाढतो. ती बाहेर जाण्याचा वेग मात्र सावकाश, सरळ रेषेत वाढतो. दोन्ही रेषा जोवर एकमेकींना छेदतात तोवर सारे ठीक. छेदेनाशा झाल्या की बॅच हाताबाहेर जाते आणि मग बाहेरून थंड पाणी सोडूनही फारसा उपयोग होत नाही.

म्हणून ‘कितीपर्यंत चालेल’ या प्रश्नाला मी नेहमी उलट प्रश्न करत असे, ‘‘किती माल, आणि किती वेळ?’’ यातला मालाचा आकडा लोक लगेच सांगत. वेळेचा प्रश्न आला की घुटमळत. कारखान्यात वेळ मोजली जाते ती काम चालू असतानाची. बॅच आठ तासांची, सुकवणी सहा तासांची. काम बंद असताना माल जिथे असेल तिथे काय करतो, हा प्रश्न कोणाच्या बॅचशीटमध्ये नसतो.

या शास्त्राच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला अपघात अशाच बंद वेळात घडला आहे. इटलीत मिलान शहराच्या उत्तरेला मेडा नावाच्या गावी इक्मेसा हा कारखाना होता. तिथे ट्रायक्लोरोफिनॉल हे रसायन बनवत. १० जुलै १९७६, शनिवार. पहाटेची पाळी संपत आली तेव्हा बॅच अर्धवट होती. द्रावक पुरता उडवून झाला नव्हता, पाणी घालून माल थंड करण्याची शेवटची पायरी राहिली होती. पण साप्ताहिक सुट्टी लागत होती. तापवणे बंद केले, ढवळणी थांबवली, आतला माल सुमारे १५८ अंशांवर तसाच ठेवला आणि मंडळी घरी गेली. त्या वेळच्या माहितीप्रमाणे या मिश्रणाचा भडका २३० अंशांच्या आसपास उडत होता. १५८ कुठे आणि २३० कुठे!

पुढचा प्रकार मला आजही विलक्षण वाटतो. रिअ‍ॅक्टरला मिळणारी वाफ ही टर्बाईनमधून वापरून बाहेर पडलेली वाफ होती. सुट्टीसाठी कारखान्यातली बाकीची कामे एकेक करून बंद होत गेली तसा टर्बाईनवरचा भार उतरला आणि बाहेर पडणाऱ्या वाफेचे तापमान चढत सुमारे तीनशे अंशांवर गेले. रिअ‍ॅक्टरची मालाच्या पातळीवरची कोरडी भिंत तेवढी तापली. मग वाफ बंद झाली. पण तापलेल्या भिंतीने खालच्या मालाच्या पृष्ठभागाचा काही बोटांचा थर तापवला. ढवळणी चालू असती तर ही उष्णता सगळ्या मालात पसरून नाहीशी झाली असती. ती बंद होती. पुढे अधिक संवेदनशील उपकरणांनी त्याच मिश्रणाची तपासणी झाली तेव्हा दिसले की १८० अंशांच्या आसपासच त्यात मंद उष्णता निर्माण होऊ लागते. तेवढे त्या थराला पुरले. माणसे निघून गेल्यावर साधारण साडेसहा तासांनी, दुपारी साडेबारा वाजून गेल्यावर, रिअ‍ॅक्टरवरची सुरक्षा-चकती फुटली आणि डायॉक्सिन मिसळलेला ढग शेजारच्या सेव्हेसो गावावर उतरला. त्या दिवशी माणसे मेली नाहीत. पण परसातल्या कोंबड्या नि ससे मरू लागले, मुलांच्या चेहऱ्यावर पुळ्या उठल्या आणि शेकडो लोकांना घरे सोडावी लागली. १९८२ मध्ये युरोपात धोकादायक कारखान्यांसाठी जो नियम झाला, त्याला या गावाचेच नाव चिकटले.

सेव्हेसोची हकिगत मी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला सांगत असे. एकदा ती मालकाला सांगण्याची वेळ आली.

एका औद्योगिक वसाहतीतला मध्यम आकाराचा कारखाना होता. नाव सांगण्याचे कारण नाही. ते एक नायट्रो संयुग वापरत. हा पदार्थ थंडीत घट्ट होतो, म्हणून पिंपे एका गरम खोलीत ठेवून वितळवायची आणि मग पंपाने ओढायची. खोली वाफेवर चाले. मालकांना ती आणखी गरम करून काम लवकर उरकायचे होते आणि त्यासाठी विमा कंपनीला दाखवायला आमचा कागद हवा होता. नमुना आला, डीएससी झाली. डोंगर अडीचशे अंशांवर सुरू झाला. मालकांनी तोंडी हिशेब केला. अडीचशेतून शंभर गेले, राहिले दीडशे. त्यांच्या वाफेचे तापमान फार तर १४०. ‘‘म्हणजे आम्ही मुद्दाम ठरवले तरी दीडशेला पोचत नाही. लिहून द्या, सुरक्षित.’’

मी लिहून देईना. डोंगर फार निमुळता होता, देवळाच्या कळसासारखा. अनुभवी माणसाला अशा आकाराचा संशय येतो. काही पदार्थ असे असतात की ते मोडू लागले की मोडतोडीतून जे निर्माण होते तेच पुढच्या मोडतोडीला जोर देते. विरजणासारखे. दुधात विरजण घातल्यावर कितीतरी वेळ काही होत नाही आणि मग दही लागते तेव्हा पटकन लागते, तसे. अशा पदार्थाचे तापमान बघून काहीच कळत नाही. तो तासन् तास गप्प असतो, थर्मामीटर हलत नाही, आणि मग एकाएकी उठतो. त्याच्या बाबतीत ‘किती अंशांवर’ हा प्रश्नच अपुरा. ‘किती तासांनी’ हे विचारावे लागते.

मालक चिडले. ‘‘तुम्हा लोकांना चाचण्या विकायच्या असतात,’’ असे म्हणाले. दुसरीकडून कागद आणण्याची भाषा झाली. मीही फार गोड बोललो असे नाही. शेवटी, आणखी नमुना पाठवतो, काय करायचे ते करा, असे म्हणून गेले.

नमुना घेऊन जो आला तो त्या गरम खोलीवरचा सुपरवायझर. पन्नाशीचा, बोलायला संकोची माणूस. आमच्या मागणीपत्रात एक रकाना असे : ‘माल जास्तीत जास्त किती काळ गरम राहील?’ कारखान्याच्या कार्यालयातून तिथे ‘आठ तास’ असे टंकलेले होते. त्याने ते वाचले, जरा थांबला आणि म्हणाला, ‘‘साहेब, हे बरोबर नाही. दिवाळीत तीन दिवस बंद असतो आम्ही. पिंपं खोलीतच असतात. वाफ बंद करायची असते, पण परतल्यावर लगेच माल लागतो म्हणून कधी कधी थोडी सोडून ठेवतात.’’ मग त्याने बरणी पुढे केली. पहिला नमुना पिवळाधमक होता, हा तांबूस. ‘‘हा पिंपाच्या तळाचा आहे. पिंपं जुनी आहेत, गंजतात. पहिला तुम्हाला दिला तो नव्या सीलबंद पिंपातला होता.’’

या माणसाने दोन वाक्यांत जी माहिती दिली ती कोणत्याही यंत्राला सापडली नसती. लोखंडाचा गंज हा अशा विघटनाला पुष्कळदा हातभार लावतो.

पुढची चाचणी अ‍ॅक्सिलरेटिंग रेट कॅलरिमीटर या उपकरणावर झाली. नाव लांबलचक आहे, आम्ही त्याला एआरसी म्हणतो. अमेरिकेतल्या डाऊ केमिकल कंपनीच्या संशोधकांनी ते सत्तरच्या दशकात तयार केले. त्यातली कल्पना फार सुंदर आहे. लिंबाएवढ्या धातूच्या गोळ्यात माल घालायचा आणि तो एका जाडजूड भट्टीत टांगायचा. भट्टीचे काम एवढेच, की गोळा जेवढा तापेल तेवढेच आपणही तापायचे. बाहेर आणि आत तापमान सारखे, म्हणून गोळ्यातून उष्णता बाहेर जायला वावच नाही. दीड-दोन ग्रॅम मालाला आपण जणू मोठ्या आढीच्या मधोमध आहोत असे वाटू लागते. यंत्र पाच अंश चढते, थांबते, वाट पाहते आणि कानोसा घेते की माल आपणहून तापतोय का. मिनिटाला ०.०२ अंश एवढी हालचालही त्याला कळते. ०.०२ म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण तासाला ते १.२ अंश होतात आणि दिवसाला जवळजवळ २९.

आम्ही यंत्राला चढू दिले नाही. १४० अंशांवर नेऊन तिथेच ठेवले आणि वाट पाहत बसलो. पहिला दिवस सपाट रेषा. रात्रपाळीचा मुलगा कंटाळून म्हणाला, ‘‘सर, उगाच मशीन अडकलंय.’’ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सपाट. एकतिसाव्या तासाला रेषेने डोके वर काढले आणि त्यानंतर तासाभरात सगळा कारभार आटोपला. जाड भिंतीमागे एक दणका ऐकू आला, गोळा फुटला होता. दीड ग्रॅम मालाचा हा प्रताप. गरम खोलीत दोन-दोनशे किलोंची पिंपे ओळीने उभी असत. नव्या पिंपातल्या पिवळ्या मालाने याच तापमानाला याच्या दुपटीहून जास्त वेळ काढला होता.

मी तो आलेख आणि शेजारी दिवाळीच्या तीन दिवसांचे ७२ तास, असा कागद मालकांपुढे ठेवला. ते बराच वेळ पाहत राहिले. मग एकच विचारले, ‘‘वाफ काढून गरम पाणी केले तर?’’ उघड्या टाकीतल्या पाण्यावर खोली चालवली, तर कोणी झडप विसरले तरी तापमान शंभरावर जाणे शक्य नाही, आणि एवढ्याने हातात तासांऐवजी आठवडे येतात. खर्चही बेताचा होता. ते झाले. गंजकी पिंपे बदलली. त्या सुपरवायझरचे नाव अहवालात कुठेच आले नाही, कारण अहवालात तसा रकाना नसतो.

किती तास, किती दिवस, हा विचार जागतिक पातळीवर एका नियमात बांधलेला आहे, तो मात्र मुख्यत्वे वाहतुकीसाठी. सेंद्रिय पेरॉक्साइड नावाची रसायने असतात. फायबर ग्लासच्या नावा, टाक्या, पत्रे बनवताना राळ घट्ट करायला जे ‘हार्डनर’ घालतात, ते यांपैकीच. ती मुळातच अस्थिर. त्यांच्या रेणूतली एक कडी कच्ची असते आणि तीच उपयोगाची असते. संयुक्त राष्ट्रांच्या चाचणी-पुस्तिकेप्रमाणे यांच्यासाठी एक तापमान शोधतात : ज्या वेष्टनात माल जाणार त्याच वेष्टनात, सात दिवसांच्या आत, ज्या कमीत कमी तापमानाला तो स्वतःच्या जोरावर तापून उधळू लागतो ते. संपूर्ण पिंप भट्टीत ठेवून ही चाचणी करता येते, पण ते धाडसाचे काम. त्याऐवजी अर्ध्या लिटरचा ड्यूअर फ्लास्क, म्हणजे आपला चहाचा थर्मासच, वापरला तरी चालते. कारण अर्ध्या लिटरच्या चांगल्या थर्मासमधून उष्णता जितकी सावकाश बाहेर जाते, तितकीच ती पन्नास किलोंच्या पिंपातून जाते. समजा या चाचणीत तापमान १५ अंश आले. तर तो माल त्याहून वीस अंश खाली, म्हणजे उणे ५ वर न्यायचा आणि उणे ५ चा ५ झाला की धोक्याची घंटा समजून हालचाल करायची. हे दोन्ही आकडे आधी लिहून ठेवलेले असतात.

आकडे माहीत असणे आणि नसणे यात काय फरक पडतो, हे दोन घटना शेजारी ठेवल्या की दिसते. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात हार्वे वादळाचा अतोनात पाऊस झाला. क्रॉस्बी येथील आर्केमा कंपनीच्या कारखान्यात पेरॉक्साइडची शीतगृहे होती. वीज गेली, जनरेटर पाण्याखाली गेले. माल शीतपेटीच्या ट्रेलरमध्ये हलवला, पण पाणी चढत गेले तशी ती यंत्रेही बंद पडणार हे दिसू लागले. कारखाना वाचवणे शक्य नव्हते. पण माल किती तापला की पेटेल हे ठाऊक होते. दीड मैलाच्या टापूतली वस्ती आधी हलवली गेली. ३१ ऑगस्टपासून ट्रेलर पेटू लागले. धुराने काही पोलिसांना आणि मदतीला गेलेल्यांना त्रास झाला; प्राण कोणाचा गेला नाही.

दुसरी घटना आपल्या देशातली. ७ मे २०२०. विशाखापट्टणमजवळ आर. आर. वेंकटपुरम गावाला लागून एलजी पॉलिमर्सचा कारखाना. करोनाच्या टाळेबंदीमुळे तो मार्चच्या अखेरीपासून बंद होता. एका टाकीत स्टायरीन होते, अठराशे टनांहून अधिक. स्टायरीन मोडत नाही, उलट त्याचे रेणू एकमेकांना धरून साखळ्या करू लागतात. पण उष्णता तशीच बाहेर पडते. हे होऊ नये म्हणून त्यात एक रोधक मिसळतात आणि टाकी थंड ठेवतात. रोधक काळाबरोबर खर्च होत जातो. पुढे राज्य सरकारच्या उच्चाधिकार समितीने जे नोंदवले ते वाचताना मला इक्मेसा आठवत होते. तापमापक टाकीच्या तळाशी होता. मध्यावर आणि वर काय चालले आहे ते दाखवायला काहीच नव्हते. शीतकरण चोवीस तास चालू नव्हते, संध्याकाळी बंद होत असे. रोधक पुरेसा नव्हता. खाली गार आणि वर तापत जाणारी ती टाकी पहाटे तीनच्या सुमारास फुटली नाही, तिने नुसती वाफ सोडली. गाव झोपेत होते. बारा जण गेले, शेकडो रुग्णालयात पोचले.

आणि डोंबिवली. २३ मे २०२४ रोजी एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात स्फोट होऊन दहाहून अधिक माणसे गेली, तिथे बनत होती ती सेंद्रिय पेरॉक्साइडच. आजूबाजूच्या इमारतींच्या काचा दूरवर फुटल्या. एकेकाळी माळरानावर वसलेल्या त्या वसाहतीच्या कुंपणाला आज लोकांच्या गॅलऱ्या टेकल्या आहेत. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली, १९८९ मध्ये घातक रसायनांचे नियम आले, त्याने बरेच काही सुधारले हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या याद्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रसायनांच्या असतात. छोट्या कारखान्याच्या रिअ‍ॅक्टरमध्ये बॅचच्या मधल्या टप्प्यावर जे मिश्रण असते किंवा ऊर्ध्वपातन झाल्यावर तळाशी जो डांबरासारखा गाळ राहतो, त्याला नावच नसते. माझ्या अनुभवात सर्वांत वाईट डोंगर दाखवले ते या बिननावाच्या गाळाने. आणि चाचणीला सर्वांत कमी येत असे तोही हाच, कारण तो विकायचा नसतो, टाकायचा असतो.

खर्चाचे म्हणाल, तर डीएससीचा एक नमुना कारखान्याच्या एका बॅचच्या किमतीपुढे किरकोळ असतो. खरी अडचण निराळी आहे. चाचणीचे उत्तर वाईट आले तर काहीतरी बदलावे लागते, आणि ‘‘वीस वर्षे असेच चालू आहे, काही झाले नाही’’ हे वाक्य त्याच्या आड येते. वीस वर्षांत वाफेची झडप कधी विसरली नव्हती, पिंपे गंजली नव्हती, टाळेबंदी आली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत आम्ही अहवालाला एक जादा पान जोडू लागलो. आलेख व्यवस्थापकांसाठी होते. हे पान फाटकावरच्या पहारेकऱ्यासाठी. सुट्टीच्या दिवशी आवारात तेवढाच एक माणूस असतो (आणि पुष्कळ वसाहतींत ही सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी किंवा शुक्रवारी असते). मराठीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरांत तीनच ओळी : कोणत्या टाकीवरचा काटा पाहायचा, तो कोणत्या आकड्याच्या वर गेला की फोन करायचा, आणि कोणाला. आधी आमच्याच वरिष्ठांना ते पोरकट वाटले. पुढे एका कारखान्यात गेलो असताना पहारेकऱ्याच्या खोलीत ते पान भिंतीवर दिसले, कॅलेंडरशेजारी, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लावलेले. खाली त्याने स्वतःच्या पेनाने चौथी ओळ वाढवली होती : काटा बघायच्या वेळा, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा.